पत्ता बरोबर, ठिकाण चूक

मराठीतल्या ‘पत्ता’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाकिटावर लिहितात तोही पत्ता आणि हरवलेल्या माणसाचा लागतो किंवा लागत नाही तोही पत्ताच. पहिला हाती असला म्हणजे दुसरा लागतोच असे मात्र नाही. पुण्याच्या पेठांतून ज्याने एखाद्या जुन्या वाड्याचा शोध घेतला असेल त्याला हे निराळे सांगावयास नको. पाकिटावर घरक्रमांक असतो, पेठेचे नाव असते. पण माणूस अखेर पोचतो तो पत्र्या मारुतीपाशी उभ्या असलेल्या कुणा जाणत्याने हात करून दाखविलेल्या बोळातून. हा जाणता अलीकडे फोनच्या काचेत येऊन बसला आहे. डावीकडे वळा, दोनशे मीटर सरळ चला, आपण इच्छित स्थळी पोचला आहात, असे तो सांगत असतो. मारुतीपाशी उभ्या असलेल्या माणसाला माहिती नसली तर ‘पुढे विचारा’ एवढे तरी तो म्हणे. फोनमधला जाणता तसे कधीच म्हणत नाही. चुकीचे स्थळही तो तितक्याच ठाम आवाजात दाखवितो.

हा प्रकार पाहावयाचा तर बंगळुरातील जयनगरसारखे ठिकाण नाही. पेठांच्या बोळांची सवय असलेल्या माणसाला येथे चुकणे अशक्यच वाटेल. १९४८ साली या उपनगराचा पाया घातला गेला तो आखणी करूनच. रस्ते सरळ, बहुतेक एकमेकांना काटकोनात छेदणारे, दुतर्फा झाडी. एका दिशेने जाणाऱ्या रस्त्यांना म्हणावयाचे ‘मेन’, त्यांना आडवे छेदणाऱ्यांना ‘क्रॉस’ आणि साऱ्यांना क्रमांक. ‘अकरावा मेन, तेहतिसावा क्रॉस, चौथा ब्लॉक’ एवढे सांगितले की आलेखाच्या कागदावरच्या बिंदूप्रमाणे चौक हाती लागावा, अशी ही योजना.

घोटाळा होतो तो या क्रमांकांमुळेच. अकरावा मेन मल्लेश्वरमलाही आहे, इंदिरानगरलाही आहे. जयनगरात ‘चौथा ब्लॉक’ आहे, तसा ‘चौथा टी ब्लॉक’ही आहे. लगतच्या टिळकनगरावरून हा ‘टी’ आला, असे तेथील लोक सांगतात. पत्ता लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते एक अक्षर क्षुल्लक. पण यंत्राने ते गाळले की पाहुणा भलत्याच वस्तीत जाऊन उभा राहतो. शिवाय घरांना एक जुना क्रमांक आणि एक नवा क्रमांक, आणि पत्त्यात कधी एक, कधी दुसरा, कधी तिरप्या रेघेने जोडलेले दोन्ही. नुसते ‘जयनगर’ म्हणून शोधावे तर बिहारात नेपाळच्या सीमेवर जयनगर आहे. तेथून जनकपूरला आगगाडी जाते.

पिनकोडाने तरी हा गुंता सुटावा, अशी कुणाची अपेक्षा असेल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा अंकी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. हे गृहस्थ संस्कृतात नाटके लिहीत आणि टपालखात्याचे अवघड हिशेबही सोडवीत. भिन्न भाषांतून आणि भिन्न लिप्यांतून लिहिलेले, सारख्या नावांच्या गावांनी भरलेले पत्ते पाहून त्यांनी देशाचे विभाग पाडले. परंतु पिनकोड पत्राला टपालकचेरीपर्यंत नेतो. तेथून दारापर्यंत नेणारा टपालवाला असतो, आणि त्याला गल्ली पाठ असते. जयनगरच्या पत्त्यांत ५६००११ आढळतो, ५६००४१ही आढळतो. पण अमुक दवाखान्याचे फाटक कोणत्या रस्त्यावर उघडते, हे त्यांपैकी एकही सांगू शकत नाही. मे २०२५ मध्ये टपालखात्याने ‘डिजिपिन’ या नावाची दहा अक्षरी पद्धत आणली. तीत सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र संकेत आहे. तरीही कोणत्या चौकोनाला दार आहे, हे कुणी तरी जाऊन पाहावेच लागते.

फोनला पत्ता समजत नाही. त्याला कळतात फक्त अक्षांश आणि रेखांश. जयनगर सुमारे १२.९३ उत्तर अक्षांशावर आणि ७७.५८ पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे एकशे अकरा किलोमीटर. दशांशचिन्हानंतरचा तिसरा अंक एकाने चुकला तर माणूस शंभरएक मीटर दूर जातो, म्हणजे एखादा क्रॉस ओलांडून पलीकडे. पाचवा चुकला तर जेमतेम पाऊलभर. आणि घाईत दोन्ही आकडे उलटसुलट लिहिले गेले, तर जयनगरचा दवाखाना उत्तर ध्रुवाकडील स्वालबार्ड बेटांलगतच्या समुद्रात जाऊन पडतो! अशी ढोबळ चूक लगेच लक्षात येते. त्रास देतात त्या चाळीस-पन्नास मीटरच्या चुका.

समजा, चौथ्या ब्लॉकात एका कोपऱ्यावर एक दवाखाना आहे. इमारत खोल, पुढचे फाटक मेनवर, मागची भिंत दुसऱ्या गल्लीला लागून. नकाशात त्याचा बिंदू इमारतीच्या मध्यावर, किंचित मागे सरकलेला. नाव सांगितल्यावर फोन प्रथम तो बिंदू शोधतो, मग त्या बिंदूला सर्वांत जवळचा रस्ता कोणता ते मोजतो, आणि तेथपर्यंतची वाट आखतो. जवळचा रस्ता निघाला मागची गल्ली. रात्री दोन वाजता दम लागलेल्या म्हाताऱ्याला घेऊन आलेली मोटार भिंतीपाशी थांबते, ‘आपण इच्छित स्थळी पोचला आहात’ असा आवाज येतो, आणि समोर दार नसते. रस्ता एकेरी असला, मध्ये दुभाजक असला, तर वळसा घालून पुढच्या बाजूस यावयाला मोजकीच मिनिटे जातात. पण ती मिनिटे कुणाची आहेत, हा प्रश्न आहे. खाद्यपदार्थांचे डबे पोचविणाऱ्या पोऱ्याचीही तीच गोष्ट. त्याची कमाई फेऱ्यांवर असते, आणि भिंतीपाशी घालविलेल्या वेळाचा मोबदला त्याला कुणी देत नाही. मेट्रोच्या उन्नत स्थानकाचा बिंदू रुळांच्या मध्यावर दाखविला तर हेच घडते. जयनगर स्थानक २०१७ साली सुरू झाले. अशा स्थानकी जिना रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे, याला बिंदूपेक्षा जास्त महत्त्व.

हे सुधारावयाचे कुणी? सरकारी भूमापन खात्याने एकेक फाटक तपासावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. खाजगी कंपनीला कळवावे तर उत्तर केव्हा येईल, याचा भरवसा नाही. यातूनच लोकांनी मिळून नकाशा करावा, ही कल्पना निघाली. इंग्लंडात २००४ साली स्टीव्ह कोस्ट याने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला. सरकारी नकाशांची माहिती तेथे महाग होती आणि तिच्या वापरावर निर्बंधही होते. तेव्हा आपला रस्ता आपणच मोजावा, असे त्याने ठरविले. बंगळूरचा या चळवळीशी संबंध जुना आहे. गूगल कंपनीने २००८ साली काढलेल्या ‘मॅप मेकर’ या लोकसंपादित नकाशाची कल्पना तिच्या बंगळूर कचेरीतील ललितेश कट्रगड्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तो उपक्रम पुढे खोडसाळांच्या तावडीत सापडला. २०१५ मध्ये कुणी नकाशात विनोदी चित्रे रेखाटली, तेव्हा काही काळ संपादन बंद ठेवावे लागले, आणि २०१७ साली तो कायमचा मिटला. ओपनस्ट्रीटमॅप मात्र टिकला. त्याच्या आशियातील कार्यकर्त्यांचे २०१८ चे संमेलन बंगळुरातच भरले होते.

या नकाशात दवाखान्याचा बिंदू हलवावयाला नाव नोंदविण्यापलीकडे कसलीही पात्रता लागत नाही, आणि म्हणूनच हलविण्यापूर्वी विचार लागतो. नवशिका कार्यकर्ता बहुधा एकच युक्ती करतो. मोटार योग्य जागी थांबावी म्हणून तो बिंदू ओढून सरळ रस्त्यावर आणून ठेवतो. मोटार थांबते खरी, पण दवाखाना आता रस्त्याच्या मधोमध उभा! उद्या कुणी चालत जाणारा, कुणी शहराचा अभ्यासक तोच नकाशा उघडील, त्याला हे खोटे खरे वाटेल. जाणते कार्यकर्ते या युक्तीवर फार नाराज असतात, आणि ते योग्यच आहे. इमारतीची आकृती जागच्या जागी ठेवून तिच्या कडेवर जेथे फाटक आहे तेथे ‘मुख्य प्रवेश’ अशी खूण करणे, आणि त्याखाली घरक्रमांक, मेन, ब्लॉक अशी नोंद वेगवेगळ्या रकान्यांत भरणे, ही सरळ रीत. ‘टी’ हे अक्षर गळू नये ते याच रकान्यांत.

त्यासाठी जागेवर जावे लागते. दुसऱ्याच्या नकाशावरून नक्कल करावयाची नाही, हा या मंडळींचा कडक नियम आहे. पाटी वाचावी, फाटक पाहावे, दवाखाना अजून तेथेच आहे की दुसरीकडे हलला, हे विचारावे. हलला असेल तर जुना बिंदू पुसावयास हवा, नाही तर एकाच नावाचे दोन दवाखाने नकाशात नांदू लागतात. उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या फोनवरही आंधळा विश्वास टाकता येत नाही. मोकळ्या आकाशाखाली त्याची चूक पाचएक मीटर असते. जयनगरच्या दाट झाडीखाली किंवा उंच इमारतींच्या मध्ये ती वाढते. आकाशातून काढलेल्या छायाचित्रांवर रेघा माराव्यात, तर ते छायाचित्रच कधी कधी काही मीटर सरकलेले असते. म्हणून त्याच रस्त्याने चाललेल्या अनेकांच्या पाऊलवाटांशी छायाचित्र आधी जुळवून घ्यावे लागते.

एवढे करून बदल नोंदविताना तो का केला, हे एका ओळीत लिहावे लागते: ‘प्रत्यक्ष पाहणी, फाटक मेनवर’. जुनी नोंद नष्ट होत नाही, इतिहासात राहते. कुणाला बदल अमान्य झाला तर तो कारण विचारतो, पटले नाही तर पूर्वस्थिती आणतो. ज्याला संपादन जमत नाही त्याने नकाशावर नुसती टीप टाकावी, ‘येथे दार नाही’. ती वाचून शेजारच्या ब्लॉकातला कुणी अनोळखी माणूस संध्याकाळी फिरावयास जाताना पाहून येतो.

असे शेजारचे ज्ञान नकाशात न पोचल्याने केवढी किंमत मोजावी लागते, याची उदाहरणे महाराष्ट्रातही आहेत. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात कोतूळच्या बाजूला रात्री फोनच्या सांगण्यावरून निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्यात शिरली आणि तीतील एक जण बुडून मरण पावला. तेथला पूल वर्षातून काही काळ पाण्याखाली असतो, हे पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार कोसळून तिघे दगावले. त्या पुलाचा पुढचा भाग पुराने नेला होता, आणि हेही गावकऱ्यांना माहीत होते.

जयनगरच्या त्या कल्पित दवाखान्याची दुरुस्ती मुख्य नकाशात काही मिनिटांतच दिसू लागेल. पण त्या नकाशावर चालणारे निरनिराळे फोन त्याची प्रत आपापल्या सवडीने घेतात. कुणी आठवड्याने, कुणी महिन्याने, आणि प्रवासापूर्वी नकाशा उतरवून ठेवलेल्याच्या फोनात तर जुनाच बिंदू राहतो. तोवर दवाखान्याच्या रखवालदाराला रात्री मागच्या गल्लीत मोटार थांबल्याचा आवाज आला की बॅटरी घेऊन कोपऱ्यापर्यंत जावे लागेल, आणि ‘इकडून, पुढून या’ असा हात करावा लागेल.