मुरमाच्या वाटेनें एम्मेच्या खोऱ्यांत

स्वित्झर्लंडाहून परत आलेल्या माणसाला लोक प्रथम बर्फाविषयीं विचारतात. युंगफ्राऊला गेलां होतां ना, आगगाडी खरोखरच इतक्या उंच चढते काय, थंडी कितपत होती, असे प्रश्न आम्हांलाही परतल्यापासून दररोज ऐकावे लागत आहेत. उत्तर देतांना आम्ही थोडे ओशाळतों. कारण तीं हिमशिखरें आम्हीं दुरूनच पाहिलीं, आणि तींही सायकलीवर बसून, कपाळावरचा घाम पुसतां पुसतां. बर्न शहराच्या पूर्वेस एम्मे नदीचा जो डोंगराळ मुलूख आहे, ज्यास एम्मेंटाल म्हणतात, तेथील खडीच्या व मुरमाच्या वाटांवर आम्हीं दोन दिवस घालविले. त्याचीच हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

आमची साठीशांत होऊन तीनच महिने झाले होते. बर्न येथें नोकरीस असलेल्या पुतण्याचें आग्रहाचें बोलावणें होतें. ‘‘काका, कॉलेजांत असतांना तुम्ही पुण्याहून वाईपर्यंत सायकलीनें जात होतां, हें आम्हीं लहानपणापासून ऐकत आलों. आतां दाखवा,’’ असें त्यानें कळविलें. घरांतून विरोध झालाच. परक्या मुलखांत पडलांत तर हळदीचा लेप कोण लावणार, हा सौभाग्यवतींचा प्रश्न बिनतोड होता. त्याचें उत्तर न देतांच आम्ही निघालों.

घरीं दुसरीही एक गोष्ट अर्धवट टाकली होती. सातारचें आमचें वडिलोपार्जित घर पाडून तेथें इमारत बांधावयाची, तिघां भावांनीं एकेक बिऱ्हाड घ्यावयाचें, आणि ८३ वर्षांच्या आईनें आळीपाळीनें चार चार महिने प्रत्येकाकडे राहावयाचें, असें ठरत आलें होतें. कागदावर आमची सही तेवढी राहिली होती. आईला कोणीं विचारलें नव्हतें. तिनेंही कांहीं म्हटलें नव्हतें.

प्रथम वाहनाविषयीं. या वाटांवरच्या सायकलीस ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. आपण तिला मुरमाची सायकल म्हणूं. दिसण्यांत ती शर्यतीच्या सायकलीसारखीच, मुठी खालीं वळविलेली. पण टायर ४० मिलिमीटर किंवा त्याहूनही रुंद, आणि त्यांत हवा बेताचीच, म्हणून ती दगडगोट्यांवर उडत नाहीं, दबून चालते. अमेरिकेंत कॅन्सास वगैरे प्रांतांच्या शेतरस्त्यांवर हा नाद वाढला. तेथील एम्पोरिया गांवची प्रसिद्ध शर्यत २००६ सालीं सुरू झाली, आणि २०२२ सालीं इटलींत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धाही झाली. आमचे आजोबा शाळातपासणीसाठीं ज्या रस्त्यांवरून सायकलीनें हिंडत त्यांना डांबर ठाऊकच नव्हतें. त्यांनीं जन्मभर हेंच केलें, फक्त त्याला नांव दिलें नाहीं. पुतण्याची सायकल निव्वळ पायांच्या जोरावर चालणारी होती. आमच्यासाठीं मात्र त्यानें बॅटरीचें साहाय्य असलेली भाड्यानें आणली होती, हें येथेंच कबूल केलेलें बरें.

सकाळीं बर्नहून आगगाडीनें निघून आम्ही थोड्याच वेळांत बुर्गडॉर्फला उतरलों. तेथें सायकलीचें निराळें तिकीट काढलें म्हणजे ती आपल्याबरोबर डब्यांत चढवितां येते. बुर्गडॉर्फ हें टेकडीवरच्या किल्ल्याभोंवतीं वसलेलें जुनें गांव. बर्न शहर ज्यांनीं ११९१ सालीं वसविलें त्या झेरिंगेन घराण्याचाच हा किल्ला. पण आम्हांस त्याचें अगत्य होतें तें निराळ्या कारणासाठीं. शिक्षणशास्त्राचा ज्यांनीं थोडाही अभ्यास केला आहे त्यांस पेस्टालॉझीचें नांव सांगावयास नको. १८०० सालीं त्यानें आपली शाळा या किल्ल्यांत उघडली आणि १८०४ पर्यंत ती येथेंच चालविली. पुढें १८३५ सालीं बालोद्यानाचा जनक फ्रोबेल याच गांवच्या अनाथाश्रमाचा चालक होऊन आला. पोरांना पाठ करावयास लावण्याऐवजीं पाहावयास शिकवावें, ही कल्पना ज्या भिंतींच्या आड वाढली, तेथें २०२० पासून संग्रहालय व प्रवाशांसाठीं वसतिगृह आहे. आमच्या वडिलांनीं चाळीस वर्षें मास्तरकी केली होती. त्यांची आठवण होऊन आम्ही त्या अंगणांत थोडा वेळ उगीच उभे राहिलों.

गांव सोडतांच चढ लागला. एम्मेंटालची जमीन म्हणजे कोणीं चुण्या घातल्यासारखी आहे. वर लांबच लांब धारा, मध्यें अरुंद घळी. धारेस तेथें ‘एग्ग’ व घळीस ‘ग्राबेन’ म्हणतात, आणि निम्म्या वाड्यांचीं नांवें या दोन शब्दांवरून पडलेलीं. कोठेंही जावयाचें म्हणजे एका धारेवरून घळींत उतरावयाचें व समोरच्या धारेवर चढावयाचें. चढ लांबलचक नसतात, पण ते संपतही नाहींत. डांबरी रस्ता सोडून वाट रानांत शिरली कीं मुरूम सुरू होतो. दोहों बाजूंस स्प्रूस, फर व बीच यांचीं उंच झाडें, चाकाखालीं खडीचा कुरकुर आवाज, आणि दुसरें कांहीं नाहीं. मोटारीचा आवाज कसा नाहीं, म्हणून आम्हीं विचारलें. तेव्हां कळलें कीं तेथील वनकायद्यानें रानांतील रस्त्यांवर लाकूडतोडीच्या कामाखेरीज मोटारींस बंदी आहे. झाडेंही सरसकट तोडीत नाहींत, निवडून एकेक काढतात; त्यामुळें रान सदैव सर्व वयांच्या झाडांनीं भरलेलें राहतें, आणि तीं वाहून नेण्यासाठीं बांधलेले हे पक्के मुरमी रस्ते सायकलवाल्यांच्या उपयोगीं पडतात. मात्र बर्न प्रांतांत रानांतील रस्ता किंवा आंखलेली वाट सोडून झाडोऱ्यांत सायकल घालतां येत नाहीं. नव्या शिकाऊंनीं हें ध्यानांत ठेवावें.

त्याहून नवल वाटलें तें असें कीं हीं रानें पुष्कळदां खाजगी मालकीचीं असतात. तरी १९१२ सालीं अमलांत आलेल्या स्विस नागरी संहितेनें रानांत व कुरणांत जाण्याची मोकळीक, रूढीप्रमाणें, सर्वांस दिलेली आहे. दुसऱ्याच्या जमिनींतून जातांना आम्ही प्रथम चोरासारखे जात होतों. समोरून मालक ट्रॅक्टर घेऊन आला, त्यानें बाजूस थांबून ‘‘ग्रुएसेख’’ म्हणून रामराम केला, तेव्हां आमची भीड चेपली. या देशानें वाटांसाठीं मतदानही केलें आहे. १९७९ सालीं पायवाटांसाठीं, आणि २३ सप्टेंबर २०१८ रोजीं सायकलच्या वाटांसाठीं. दुसऱ्या वेळीं शेंकडा ७३ हून अधिक मतें अनुकूल पडलीं, व त्याप्रमाणें झालेला कायदा २०२३ पासून लागू झाला. सायकलस्वारांसाठीं नाक्यानाक्यावर लाल पाट्या आहेत. लोझानहून रोर्शाखपर्यंत जाणारा ९९ क्रमांकाचा मार्ग याच मुलखांतून जातो. आम्हीं कांहीं वेळ त्याचें बोट धरलें व रान दिसलें कीं सोडलें.

बुर्गडॉर्फच्या पूर्वेस लुएग नांवाचा ८८७ मीटर उंचीचा माथा आहे. तेथून दक्षिणेस बर्नच्या आल्प्स पर्वताची सबंध रांग दिसते. तीच आमची बर्फाची भेट. माथ्यावर एक स्मारक आहे. १९१८ सालीं लष्करी सेवेंत असतां, मुख्यतः इन्फ्ल्युएंझाच्या साथीनें, मरण पावलेल्या बर्नच्या घोडदळांतील सैनिकांचें तें आहे. त्याच साथीस आपल्याकडे मानमोडी म्हणत. आमच्या आजीच्या दोन बहिणी एकाच आठवड्यांत तींत गेल्या. सातारपासून इतक्या दूर, एवढ्या प्रसन्न उन्हांत, त्यांची आठवण दगडावर कोरलेली सांपडेल, असें मनांतही आलें नव्हतें.

लुएगहून आफोल्टर्नकडे जातांना पाणी भरण्यासाठीं आम्ही एका शेतघराशीं थांबलों. या मुलखांत घरोघरीं लांकडी किंवा दगडी कुंड्यांत झऱ्याचें पाणी अखंड पडत असतें, आणि पिऊं नये अशी पाटी नसेल तर तें खुशाल प्यावें. घर म्हणजे काय वर्णावें! छप्पर इतकें अवाढव्य कीं तें जवळजवळ जमिनीस टेकलेलें. त्याच्या पोटांत माणसें, गुरें व वर्षाचें गवत एकत्र नांदतात. आगीच्या भयानें धान्याचें कोठार निराळें. आणि अंगणापलीकडे, वीसपंचवीस पावलांवर, त्याच घराचें पोर वाटावें असें एक टुमदार घरकुल, खिडक्यांत तांबडीं जिरेनियमचीं फुलें. पाहुण्यांसाठीं असेल, असें आम्ही समजलों. पुतण्या म्हणाला, ‘‘नव्हे काका, तें श्टॉक्ली. म्हाताऱ्यांचें घर.’’

या प्रांतांत परंपरेनें शेतीवाडी थोरल्या मुलाकडे जात नसे, धाकट्याकडे जाई. धाकटा कर्ता होईपर्यंत बापाचे हात थकलेले असतात, म्हणून ही सोय. शेती अखंड राहते. थोरल्यांनीं आपापला धंदा शोधावयाचा. त्यांच्यावर यांत अन्याय होई, हें उघड आहे. धाकट्याचें लग्न होऊन कारभार त्याच्या हातीं गेला कीं आईबाप मोठें घर सोडून श्टॉक्लींत जात. पूर्वीं दूध किती, लांकूड किती, बटाटे किती द्यावयाचे, हें करारांत मांडलेलें असे. ज्या नागरी संहितेनें आम्हांस रानांतून वाट दिली, तिच्यांतच राहण्याचा हक्क जमिनीच्या सरकारी दप्तरांत नोंदविण्याचीही तरतूद आहे.

त्या घरकुलाची मालकीण दारांत बसून चेरी निवडीत होती. वय आईपेक्षां थोडें कमी. पुतण्यानें आमची ओळख करून दिली तेव्हां तिनें ओंजळभर चेरी आमच्या हातांवर घातल्या. मुलगा आणि सून यांच्याशीं कागद करतांना मनास वाईट वाटलें नाहीं काय, असें आम्हीं विचारलें. प्रश्न उद्धटपणाचा होता. पण परक्या देशांत माणूस धीट होतो. ती हंसली. पुतण्यानें तिचें बोलणें सांगितलें तें असें : ‘‘लिहिलें नसतें तर मला सुनेकडे रोज कांहीं ना कांहीं मागावें लागलें असतें. आतां तीच माझ्याकडे मुरंब्याच्या बरण्या मागावयास येते.’’ मग तिनें आंत नेऊन घर दाखविलें. एक शेगडी, दोन खोल्या, नवऱ्याचें छायाचित्र. मागच्या खिडकींतून मोठ्या घराचें दार दिसत होतें, आणि कोण आलें, कोण गेलें, यावर तिची नजर होती, यांत संशय नाहीं.

तेथून पुढें आम्ही कांहीं वेळ गप्पच चालविली सायकल.

आफोल्टर्नला चीज तयार करतांना पाहतां येतें. एम्मेंटालचें चाक ७५ पासून १२० किलोपर्यंत वजनाचें. त्यांतील भोकें जंतूंनीं केलेल्या वायूचीं, उंदरांचीं नव्हेत. आमच्या घरच्या वाचकांसाठीं इतकेंच सांगतों कीं दूध विरजण्यासाठीं परंपरेनें वासराच्या जठरांतील द्रव्य वापरतात. आम्हीं पाव, लोणी व चेरी यांवर भागविलें.

सुमिसवाल्डवरून उतरून एम्मेकांठीं लुट्झेलफ्लू लागतें. येथील पाद्री आल्बर्ट बिट्सिउस यानें गोटहेल्फ या नांवानें शेतकऱ्यांच्या कथा लिहिल्या. १८५४ सालीं तो येथेंच वारला. १३ ऑगस्ट १८३७ रोजीं एम्मेला आलेल्या महापुराचें वर्णनही त्यानें लिहून ठेविलें आहे. त्या पुरानें पूल वाहून नेले, म्हणून हास्ले-रुएग्साऊ येथें नदींत एकही खांब न घालतां पूल बांधावयाचें ठरलें. १८३९ सालीं पुरा झालेला तो लांकडी पूल वरून कौलारू आहे, आणि त्याची एकच कमान सुमारें ५८ मीटरांची आहे. मोटारींस तो पुरेनासा झाला तेव्हां त्यास मोडीत काढलें नाहीं. उचलून थोड्या अंतरावर नेऊन बसविलें. आंत शिरलों तेव्हां फळ्यांवर चाकांचा आवाज वखारींत शिरल्यासारखा घुमला. वाट वांकडी करून गेल्याचें सार्थक झालें.

रात्रीं लांगनाऊला मुक्काम केला. एवढा सोज्वळ दिसणारा हा मुलूख, पण पुनर्बाप्तिस्मावादी म्हणून ज्या शेतकऱ्यांनीं शस्त्र धरण्यास व शपथ घेण्यास नकार दिला, त्यांचा बर्नच्या सत्तेनें येथें दीर्घकाळ छळ केला. जवळच ट्रूबच्या बाजूस एका घरांत त्यांची लपण्याची जागा अजून दाखवितात. अमेरिकेंतील अमिश लोकांपैकीं पुष्कळांचें मूळ या डोंगरांत आहे.

दुसरा दिवस कठीण गेला. लांगनाऊहून एग्गीविल, तेथून रोथेनबाख, आणि मग धारांवरून थूनच्या तळ्याकडे. एग्गीविलच्या परिसरांत छपराचे लांकडी पूल एकामागून एक भेटतात. रोथेनबाखच्या अलीकडे उतारावर सुटी खडी होती; आम्हीं घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि कोंपर सोलून घेतलें. नियम असा कीं उतारावर शरीर मागें न्यावें, मागचा ब्रेक अधिक वापरावा, आणि चाक थोडें घसरूं द्यावें. पुतण्यानें तो सकाळींच सांगितला होता. हळद नव्हती; त्याच्या पिशवींतील मलमावर काम भागलें. वुर्झब्रुनेनच्या जुन्या चर्चपाशीं, झाडांच्या सावलींत, अर्धा तास पडून राहिलों, आणि त्यानंतरच्या चढांवर बॅटरीनें आमची अब्रू राखली.

थूनला पोहोंचलों तेव्हां ऊन उतरलें होतें. चौकोनी बुरुजाच्या चारी कोपऱ्यांवर मनोरे असलेला तेथील किल्लाही झेरिंगेनांचाच. वरच्या पेठेंत एक मौज आहे : पादचाऱ्यांची वाट खालच्या दुकानांच्या छपरावरून जाते, म्हणजे एकाच घराला दोन मजल्यांवर दोन बाजार. सायकली हातांत धरून ती पेठ पाहिली, आणि स्टेशनावर बाकावर बसून सातारला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते, पण आई जागी होती. कोंपराचें सांगितलें नाहीं. पूल सांगितला, मानमोडीचा दगड सांगितला, आणि मग चेरी निवडणाऱ्या बाईचें घर सांगितलें.

आई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, ‘‘तिच्या घराला दार निराळें आहे का रे?’’

आहे, म्हणून आम्हीं सांगितलें.

‘‘आणि तें वर्षभर तिचेंच?’’

‘‘हो.’’

‘‘थांब जरा,’’ ती म्हणाली, ‘‘दादाला उठवितें. त्याला सांग हें.’’