दुपारी जेवणं झाल्यावर काय करता?

पेणकरपाड्याला दहिसर चेक नाका हाकेच्या अंतरावर. पत्ता ठाणे जिल्ह्याचा, महापालिका मीरा-भाईंदरची, आणि सकाळी माणसं निघतात ती मुंबईकडे. २०११च्या फेब्रुवारीत, ९ ते २८ तारखेदरम्यान, मी इथे जनगणनेची प्रगणक होते. आम्हा शिक्षकांच्या वाट्याला हे काम येतंच. (१९४८च्या जनगणना कायद्याने घरोघरची माहिती गुप्त असते, म्हणून घर ओळखू येईल असं काही लिहीत नाही.)

कामाच्या रकान्याशी आलं की पुरुषांचं भराभर उरकायचं. रिक्षा, सिक्युरिटी, गाळ्यात मशीनवर, अंधेरीला ऑफिसात. बाईची पाळी आली की ती स्वतः किंवा नवरा म्हणायचा, "काही नाही, घरीच असते." प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की इथे थांबा, खोदून विचारा. मग मी विचारायचे, "दुपारी जेवणं झाल्यावर काय करता?" तेव्हा कॉटखालून पिशव्या निघायच्या. इमिटेशनच्या दागिन्यांचे मोती ओवायला, खडे चिकटवायला, कुठे शिवून आलेल्या कपड्यांचे धागे कापायला. पैसे नगावर नाहीतर डझनावर. माल एकीच्या नावावर, हात सासू, सून आणि मुलगी अशा तिघींचे. शेजारच्या बिल्डिंगीत पोळ्या लाटायला जाणारीही आधी "घरीच" म्हणाली होती.

वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम केलं असेल तर जनगणना त्या व्यक्तीला मुख्य कामगार म्हणते, त्याहून कमी केलं असेल तर सीमांतिक. घरी बसून माल तयार करणं घरगुती उद्योगात मोडतं. कुटुंबाच्या दुकानात बिनपगारी बसलेली बाईही कामगारच. १९९१च्या जनगणनेपासून तसं प्रश्नातच घातलं आहे. स्वतःच्या घरचा स्वयंपाक, धुणीभांडी मात्र काम नव्हे. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८.

दुसरं मोजमाप म्हणजे २०१७ला सुरू झालेलं श्रमशक्ती सर्वेक्षण. त्याची एक पट्टी वर्षभराची आणि दुसरी आठवड्याची आहे. सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं, तरी माणूस रोजगारात धरला जातो. काम नाही पण शोधतोय किंवा करायला तयार आहे, तो बेरोजगार. हे दोन्ही मिळून श्रमशक्ती. जी काम शोधत नाही आणि करायला तयारही नाही ती श्रमशक्तीच्या बाहेर, त्यामुळे बेरोजगारीच्या आकड्यातही नाही. २०२३-२४मध्ये देशाचा बेरोजगारी दर वर्षभराच्या पट्टीने ३.२ टक्के होता, यात नवल नाही. पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी श्रमशक्तीत होत्या खेड्यात ४७.६ टक्के, शहरात फक्त २८. शहरातली बाई आळशी म्हणून? खेड्यात शेत दाराशी असतं. इथे नोकरी धरायची तर आधी लोकलमध्ये शिरता आलं पाहिजे, आणि तान्ह्या मुलाला कुणापाशी तरी ठेवता आलं पाहिजे. खडे चिकटवण्याचं काम पदरात मूल असतानाही होतं, म्हणून ते बायका घेतात आणि म्हणूनच त्याचा दर वाढत नाही.

जनगणनेच्या त्याच फॉर्ममध्ये कामाच्या जागेचं अंतर आणि कशाने जाता हेही विचारलं होतं. हा रकाना मला फार आवडायचा. अमेरिकेत महानगराची हद्द ठरवताना लोक कामाला कुठे जातात हे पाहतात. बाहेरच्या काउंटीतले किमान २५ टक्के कामकरी गाभ्यात जात असतील तर ती काउंटी त्या महानगराची. आपल्याकडे वस्ती सलग लागली की नागरी समूह. २०११ला बृहन्मुंबई समूह १.८४ कोटींचा भरला आणि त्यात मीरा-भाईंदरचे आठ लाख धरले गेले. येण्याजाण्याची पट्टी लावली असती, तरी पेणकरपाडा सकाळच्या गर्दीवरच मुंबईत गेला असता.

२०२१ची जनगणना झालीच नाही. आताची २०२७ची, मोबाइलवर होणारी, आणि स्वयंगणनेची सोय असलेली. म्हणजे पुष्कळ घरांत फॉर्म भरणार कॉलेजात जाणारा मुलगा. आईच्या रकान्यात तो काय भरेल ते मी आत्ताच सांगू शकते, आणि त्या ऑनलाइन फॉर्मला काही "दुपारी जेवणं झाल्यावर?" असं विचारता यायचं नाही.