भिसेगाव : घाटाच्या पायथ्याचे गाव

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की डब्यात एकच धांदल उडायची. पुढची चढण एकट्या इंजिनाला झेपणारी नसते, म्हणून गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिने इथे जोडली जातात. ती जोडून होईपर्यंत फलाटावर उतरायचे, गरम बटाटेवडा घ्यायचा आणि शिट्टी वाजायच्या आत डबा गाठायचा, असा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता. दिवाडकरांच्या वड्याचे नाव महाराष्ट्रभर झाले, त्यात चवीइतकाच या काही मिनिटांचा वाटा आहे.

या स्थानकाला लागूनच भिसेगाव आहे. आज ते कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत येते आणि गाडीतून पाहणाऱ्याला कर्जतहून वेगळे ओळखूही येत नाही. मुंबईहून लोकलने सुमारे 100 किलोमीटरवर, घाटाच्या अगदी पायथ्याशी वसलेल्या या गावाला बहुतेक पर्यटक ओलांडून जातात. कुणी फार्महाऊसकडे वळतो, कुणी धबधब्याकडे. पण इथे दोन-तीन दिवस मुक्काम करून भोवतीचा कर्जत-खालापूरचा मुलूख पाहिला, तर एक गोष्ट हळूहळू उलगडते. लेणी, किल्ले, रेल्वे, वीज, भात, असे इथे पाहण्यासारखे जे काही आहे, ते कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटेने दिलेले आहे. ही वाट ध्यानात ठेवून फिरले की सुटी सुटी ठिकाणे एका माळेत ओवली जातात.

रुळांची जुनी वाट

सुरुवात स्थानकापासूनच करावी. इथून खोपोलीकडे एक फाटा जातो. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी छोटी स्थानके घेत ही लोकल खोपोलीला संपते. आज शाखा वाटणारा हा मार्ग एकेकाळी मुख्य मार्ग होता. 1856 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले आणि सह्याद्रीपुढे थबकले. 1858 मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट तसाच राहिला. प्रवासी खोपोलीला उतरत आणि डोलीतून, तट्टावरून किंवा गाडीरस्त्याने घाट चढून खंडाळ्याला पुन्हा रेल्वे पकडत. बोरघाटातला हा गाडीरस्ता 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला होता.

घाटातले रूळ 1863 मध्ये सुरू झाले. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कले. एका टप्प्याचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट हाती घेऊन काम पुढे नेले. डोंगर फोडणारे हजारो मजूर मात्र निनावीच राहिले. त्यांतले कितीतरी पटकीने आणि अपघातांनी दगावले. घाटात 37 फूट पुढे गेले की रूळ 1 फूट वर चढतो. पावसाळ्यात या चढणीवरून जाताना खिडकीतून धबधबे पाहावेतच, पण बोगद्यांच्या भिंतीही पाहाव्यात. त्या हातांनी कोरलेल्या आहेत.

दोन हजार वर्षांपूर्वीचा मुक्काम

रेल्वेच्या किती तरी आधी याच डोंगरांतून तांडे चढत होते. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल घाटवाटांनी देशावर जाई. अशाच एका वाटेवर, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंढाण्याची लेणी आहेत. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत रस्ता आहे. तिथून पुढे कोंढाणे गाव आणि मग रानातून चढण.

इसवी सनापूर्वीच्या काळातली ही बौद्ध लेणी. चैत्यगृहाची दर्शनी कमान पाहताना क्षणभर लाकूडकाम पाहतो आहोत असेच वाटते. वासे, जाळ्या, सज्जे असे सुताराचे सगळे कसब पाथरवटाने दगडात उतरवले आहे. आतले बरेच खांब झिजून खालून तुटले आहेत आणि स्तूपाचीही पडझड झाली आहे. तरी शेजारच्या विहाराचे छत आणि भोवतीच्या खोल्या त्या वस्तीची कल्पना देतात. चैत्याच्या दर्शनी भागाजवळ एका भव्य मूर्तीचे शिर उरले आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीतला छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच तो सांगतो. आपल्या गुरूचे नाव आधी घालून मग स्वतःचे नाव कोरणारा हा माणूस कोंढाण्याच्या भेटीत मनात घर करून राहतो. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावर वरून पाण्याची धार कोसळते. ते दृश्य सुंदर खरेच, पण लेणी नीट पाहायची तर दिवाळीनंतर यावे.

लेण्यांच्या वरच राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आहेत. किल्ला पुणे जिल्ह्यात मोडतो, पण त्याची नजर कोकणावर. घाटावर ज्याची चौकी, त्याचा घाट, हे त्या माथ्यावर उभे राहिले की समजावून सांगावे लागत नाही.

सुळका आणि खिंड

कशेळ्याकडे निघालात तर वाटेत कडावचा बाल दिगंबर गणेश लागतो. पुढे आंबिवलीजवळ नदीकाठी आणखी एक बौद्ध लेणे आहे आणि तिथूनच पेठच्या किल्ल्याची, म्हणजे कोथळीगडाची चढण सुरू होते. पेठ गावात दम खायला थांबावे. गडाच्या सुळक्याच्या पोटात कोरीव खांबांची गुहा आहे, आणि तिथून माथ्यावर जाणारा जिना चक्क सुळक्याच्या आतून खोदलेला आहे. कोकणातून भीमाशंकराकडे चढणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारी ही जागा. खांडसहून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने भीमाशंकराला जाणारे भाविक आजही याच मुलखातून चालतात.

दक्षिणेला खालापूर तालुक्यात महडचा वरदविनायक आहे. अष्टविनायकांपैकी या एका देवळात भाविकांची वर्दळ कायम असते. तिथून खोपोली-पाली रस्त्याने पुढे गेले की आत चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवाजी महाराजांनी इथे कारतलबखानाला गाठले. शाइस्तेखानाने पुण्याहून पाठवलेली ही फौज घाट उतरून कोकणात शिरू पाहत होती. खिंडीत शिरताच पुढची आणि मागची वाट बंद झाली आणि दोन्ही बाजूंच्या झाडीतून मारा सुरू झाला. खानाने फौजेतल्या रायबागन या सरदार स्त्रीच्या सल्ल्याने शरणागती पत्करली आणि सामानसुमान टाकून सुटका करून घेतली. आंबा नदीच्या पात्राजवळच्या स्मारकापाशी उभे राहून भोवतीचे डोंगर पाहिले की हा विजय भूगोल जाणणाऱ्याचा होता, हे पटते.

घाटावरून उतरलेले पाणी

घाटाने या मुलखाला आणखी एक देणे दिले, ते विजेचे. माथ्यावर पाणी अडवायचे, नळांतून तळाला सोडायचे आणि त्या जोरावर वीज करायची, ही टाटांची योजना. खोपोलीचे केंद्र 1915 मध्ये आणि भिवपुरीचे 1922 मध्ये सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या या विजेवर फिरू लागल्या. भिवपुरीला वीज करून मोकळे झालेले पाणी पेज नदीत येते. त्यामुळे भोवतालचे ओढे आटले तरी पेज उन्हाळ्यात वाहती राहते, आणि राजनाल्याच्या कालव्यावर कर्जतचा शेतकरी उन्हाळी भात घेतो. एप्रिलमध्ये हिरवीगार खाचरे पाहून नवखा माणूस चकित होतो.

भाताची इथली परंपरा संशोधनातही आहे. कर्जतला 1919 पासून भात संशोधन चालते. आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून निघालेले ‘कर्जत’ नावाचे वाण कोकणभर पेरले जातात. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग आहे. नांगरणी-चिखलणीशिवाय भात पिकवण्याची त्यांची पद्धत आणि कृषी पर्यटन दोन्ही तिथे पाहायला मिळतात.

याच विजेच्या मनोऱ्यांशी स्वातंत्र्यलढ्याचे एक पानही जोडलेले आहे. माथेरानला जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने 1942 मध्ये मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानला जाणाऱ्या प्रत्येकाने ही नावे आठवावीत.

माथेरानही याच कर्जत तालुक्यात आहे. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते इंग्रजांच्या नजरेला आणले. 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वे वर नेली. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव आहे. म्हणूनच तिथली तांबडी वाट अजून पायांची आहे.

येणाऱ्यांसाठी

कर्जतला मुंबईहून थेट लोकल आहेत. पनवेल-कर्जत हा 29.6 किलोमीटरचा नवा उपनगरी मार्गही हाती घेतला आहे. त्यामुळे इथे येणाऱ्यांची गर्दी वाढणार हे उघड आहे. किल्ले आणि लेणी पाहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. जून ते सप्टेंबरमध्ये डोंगर डोळ्यांत मावत नाही इतका हिरवा होतो, पण तेव्हाच तो सर्वांत धोक्याचाही असतो. दर पावसाळ्यात इथल्या धबधब्यांत आणि धरणांत तरुण मुले बुडतात, आणि प्रशासनाला मनाई आदेश काढावे लागतात. ते आदेश पाळा. ढाकच्या बहिरीसारख्या कड्यावरच्या वाटेला वाटाड्याशिवाय जाऊ नका.

हे डोंगर माणसांची घरे आहेत, हेही विसरू नका. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली आणि ठाकर समाजाची घरेच्या घरे नाहीशी झाली. ज्या वाडीतून तुम्ही गडावर जाता, तिथल्या माणसांशी दोन शब्द बोला. वाटाड्या गावातला घ्या, जेवण गावात करा. पावसाच्या तोंडावर शेवळे, आणि पाऊस स्थिरावला की टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन ठाकर-कातकरी बाया बाजारात बसतात. त्यांच्याकडून भाव न पाडता घ्या. बाटल्या आणि पिशव्या घेऊन आलात तशा परत न्या.

दोन हजार वर्षे हा मुलूख घाट चढणाऱ्यांना विसावा देत आला आहे. पुढच्या वेळी कर्जतला गाडी थांबेल, तेव्हा वडा खाऊन पुन्हा डब्यात चढू नका. एकदा उतरा आणि भिसेगावात मुक्काम करा.