आरागिरणीतील अपघात : बंद यंत्र खरेच बंद असते का?

दवाखाना बंद करण्याच्या वेळेला आरागिरणीतला एक मिस्त्री आला. उजव्या हाताला गुंडाळलेला गमछा रक्ताने भिजलेला. सोबतच्या पोराच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात बर्फ आणि बर्फात दोन बोटे. वीज गेल्यामुळे यंत्र थांबले होते. तेवढ्यात खालच्या चाकाजवळ साचलेला भुसा काढून घ्यावा म्हणून त्याने हात घातला आणि वीज आली.

वाचक विचारतील, यंत्र आपोआप सुरू कसे झाले? मलाही ते कळेना, म्हणून नंतर मी गिरणीवर जाऊन आलो. वीज गेली की स्टार्टर सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार चालत नाही, अशी त्यात सोय असते. पण व्होल्टेज कमी झाले की तो वारंवार सुटतो. त्याला कंटाळून कोणीतरी हिरव्या बटणात लाकडाची चिपाटी अडकवून ठेवली होती. शेतातल्या पंपाला ऑटो स्विच लावतात, त्यातलाच हा प्रकार. पंप आपोआप चालू झाला तर फार तर पाणी वाया जाते. इथे करवत फिरते.

करवतीच्या ज्या जखमा मी आजवर शिवल्या, त्यांतल्या बऱ्याच लाकूड कापताना झालेल्या नव्हत्या. सफाई, ग्रीस भरणे, अडकलेले फळकूट काढणे, पाते बदलणे अशा वेळच्या होत्या. कापताना माणूस सावध असतो, यंत्र थांबले की निर्धास्त होतो.

बटण दाबल्यावरही बँड सॉची जड चाके बराच वेळ फिरत राहतात आणि गिरणीच्या गोंगाटात ते लक्षात येत नाही. ती आपोआप थांबू द्यावीत, फळी लावून थांबवू नयेत. मग मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालावे आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. दोघे काम करत असतील तर दोघांची दोन कुलपे. नुसता फ्यूज काढून भागत नाही, कारण दुसरा कोणी तिथे तार जोडतो! कुलूप घातल्यावर हिरवे बटण एकदा दाबून पाहावे. यंत्र हलले नाही, तरच हात घालावा.

पाते काढण्यापूर्वी त्याचा ताण सैल करावा. गुंडाळलेले पाते स्प्रिंगसारखे उसळते, म्हणून ते हाताळताना चामड्याचे हातमोजे हवेत. चालत्या करवतीजवळ मात्र हातमोजे, सैल बाह्या आणि गळ्यातला गमछा नकोच, दात कापडासकट हात ओढतात. एका गिरणीमालकांनी मला ऐकवले, "डॉक्टरसाहेब, एवढं करत बसलो तर धंदा कधी करायचा?" कुलपाला दोन मिनिटे लागतात. त्या मिस्त्रीचे काम चार महिने बंद होते. धोकादायक यंत्राला संरक्षक आवरण आणि चालत्या यंत्राजवळच्या कामावर बंधने, या गोष्टी १९४८ च्या कारखाना कायद्यातच (कलम २१ व २२) घातल्या होत्या. नवे काहीच नाही.

आता त्या बर्फातल्या बोटांविषयी. थेट बर्फात ठेवल्याने ती गारठून खराब झाली होती, शहरातल्या सर्जनला जोडता आली नाहीत. तुटलेला भाग स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत घालावा, तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून जोराने दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. हळद, चहापूड, रॉकेल काहीही लावू नये. दाबूनही रक्ताची धार थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळून बांधावी आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. १०८ ला फोन करावा आणि बोट तुटले आहे हे आधीच सांगावे, म्हणजे जोडणी होते अशा रुग्णालयाची चौकशी वाटेतच करता येते. भुशाने माखलेल्या जखमेला धनुर्वाताचे इंजेक्शन लागते, ते जखम लहान दिसली म्हणून टाळू नये.