मासा आधी खचतो, मग जिवाणू शिरतो

नंदिनी नगर (छत्तीसगड) : येथील खाणींतील चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाते. असाच दगड भाजून केलेला चुना हे मत्स्यपालकांचे पहिले औषध मानले जाते. रोहू, कटला वा मृगळ यांच्या अंगावर लाल चट्टे उमटले, की तळ्यात चुना पडतो. मात्र, रोग जडतो कसा, हे जाणल्याखेरीज त्याचा उपयोग कळत नाही.

'एरोमोनास हायड्रोफिला' हा जिवाणू तळ्याच्या पाण्यात आणि निरोगी माशाच्या आतड्यातही असतो. त्वचेवरील बुळबुळीत थर त्याला एरवी रोखून धरतो. दाटी, पहाटे घटणारा प्राणवायू किंवा जाळ्याने झालेली जखम यांमुळे मासा खचला, की ही तटबंदी ढासळते. आत शिरलेले जिवाणू रासायनिक संकेतांनी आपल्या संख्येचा अंदाज घेतात आणि ती पुरेशी वाढली की विषे व विकरे अधिक प्रमाणात सोडतात. त्यांपैकी 'एरोलायसिन' हे विष पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते. त्यामुळे रक्तपेशी फुटतात आणि परांच्या मुळाशी रक्तस्राव होतो. मूत्रपिंड निकामी झाले की पोटात पाणी साचून खवले उभे राहतात. 'फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर'चा मार्ग वेगळा. तो कल्ले कुजवून माशाला गुदमरवतो.

प्रत्येक व्रण जिवाणूचाच असतो, असेही नाही. १९८८ मध्ये भारतात पोहोचलेल्या व्रणरोगाचे मूळ 'अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स' हा बुरशीसदृश जीव आहे. जिवाणू त्या जखमेत मागाहून येतात.

प्रतिजैविकांचा मारा येथेच फसतो. आजारी मासा खाद्य सोडतो, त्यामुळे औषध मिसळलेले खाद्य प्रामुख्याने धडधाकट मासेच खातात. उरलेले पाण्यात विरघळते. छत्तीसगडमधील निस्तारी तलावांत माणसे आंघोळ करतात, गुरे पाणी पितात. औषधाला न जुमानणारे जिवाणू अशा पाण्यात वाढले, तर धोका माशांपुरता राहत नाही.

चुन्याचेही तसेच. आम्ल पाण्यात तो गुणकारी ठरतो. पण चुनखडीच्या पट्ट्यातील पाणी बहुधा आधीच अल्कधर्मी असते. त्यात कळीचा चुना पडल्यास सामू आणखी चढतो आणि विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून येणारा अमोनिया अधिक विषारी होतो. त्यामुळे चुना टाकण्याआधी, शक्यतो दुपारी, सामू मोजणे आवश्यक ठरते. मेलेले मासे त्याच दिवशी काढून पुरणे, खाद्य थांबवणे आणि पहाटे पाणी खेळते ठेवणे, या उपायांना मात्र कोणत्याही चाचणीची वाट पाहावी लागत नाही.