लोहमार्गाचे बांधकाम आणि हरितगृह वायूंचा हिशेब

वाशिम जिल्ह्यात वाहतुकीच्या दोन मोठ्या बांधकामांचा अनुभव गेल्या वीस वर्षांत आला. पूर्णा–हिंगोली–वाशिम–अकोला हा मीटरगेज लोहमार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. पुढे नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून काढण्यात आला. त्याचा नागपूर–शिर्डी हा ५२० कि.मी.चा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. या दोन्ही कामांस कायद्याने विचारलेले प्रश्न मात्र अगदी भिन्न होते, आणि एक महत्त्वाचा प्रश्न दोघांपैकी कोणासही बंधनकारकपणे विचारला गेला नाही.

केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेस एक परिशिष्ट जोडलेले आहे. ज्या प्रकल्पांचा त्यात उल्लेख आहे त्यांनाच पूर्वमंजुरी घ्यावी लागते. नवे महामार्ग त्यात आहेत, लोहमार्ग नाहीत. म्हणून समृद्धी महामार्गास आघाताचा अहवाल, जनसुनावणी आणि मंजुरी या पायऱ्या चढाव्या लागल्या. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य व काटेपूर्णा अभयारण्य यांच्या परिसरातून हा मार्ग जात असल्याने वन्य प्राण्यांसाठी वरून व खालून जाणारे मार्गही बांधावे लागले. लोहमार्गाला यांपैकी काही करावे लागत नाही. रेल्वे ही मुळातच स्वच्छ वाहतूक, असे गृहीत धरूनच बहुधा ही सूट मिळाली असावी. पण जे गृहीत धरले ते मोजले गेले नाही.

अर्थात रेल्वे सर्वस्वी मोकळी नाही. मार्ग वनभूमीतून जात असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा, आणि अभयारण्यातून जात असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. परंतु हे दोन्ही कायदे स्थानाचा विचार करतात: कोणती जमीन, कोणते झाड, कोणता प्राणी. वातावरणात किती कार्बन डायऑक्साइड जाणार हा त्यांचा प्रश्नच नव्हे. २००६ च्या अधिसूचनेतही त्यासाठी आकड्यांत बांधलेली मर्यादा नाही. कॅलिफोर्निया राज्याने २००७ च्या कायद्याने आपल्या पर्यावरण-परीक्षणाच्या नियमांत हरितगृह वायूंचा समावेश करण्याचे ठरविले, आणि जागतिक बँकेची २०१८ पासून लागू झालेली चौकट कर्जदाराकडून, शक्य असेल तेथे, उत्सर्जनाचा अंदाज मागते. म्हणजे परदेशी कर्ज घेणाऱ्यास जो हिशेब द्यावा लागतो, तो स्वतःच्या पैशाने बांधणाऱ्यास द्यावा लागत नाही!

हा हिशेब फारसा कठीण नाही. सध्या सर्रास वापरला जाणारा रूळ मीटरमागे ६० किलो वजनाचा असतो. एकेरी मार्गाच्या एका किलोमीटरला दोन रूळ, म्हणजे १२० टन पोलाद. भारतात एक टन पोलाद तयार होताना ढोबळमानाने अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे नुसत्या रुळांचा बोजा किलोमीटरमागे ३०० टन झाला. सिमेंटचे स्लीपर, खडी, पूल आणि भराव हे निराळेच. एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलो वायू निघतो, असे धरले तर ३०० टन म्हणजे एक लाख दहा हजार लिटर डिझेल. लिटरमागे साडेचार किलोमीटर चालणारी एस.टी. तेवढ्या डिझेलवर पाच लाख किलोमीटर धावेल. रूळ अनेक दशके टिकतात, आणि भरगच्च गाड्या धावल्या तर हा बोजा लवकर फिटतो. परंतु दिवसाकाठी दोन-तीनच गाड्या धावल्या तर फिटण्यास फार काळ लागतो. गाडी विजेवर चालली तरी वीज कोळशाचीच बहुतांशी. युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू तिच्यातूनही निघतो.

यावरून गेज-परिवर्तनाचे महत्त्व ध्यानात येते. जुन्या मार्गाची जमीन संपादिलेली असते, भराव बसलेला असतो, बऱ्याच ठिकाणी पुलांच्या जागाही ठरलेल्या असतात. रूळ नवे लागतात हे खरे, पण मातीकामाचा आणि भूसंपादनाचा मोठा भाग वाचतो. मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेज मार्ग कारंज्यावरून जातो. लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’ असलेल्या त्या मार्गाचा विचारही याच दृष्टीने व्हावयास हवा.

तथापि या हिशेबाची मर्यादा वाशिमच्या मार्गाच्या उत्तरेकडील पुढच्या टप्प्यात स्पष्ट दिसते. अकोल्यापासून खांडव्यापर्यंतचा जुना मीटरगेज मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून सुमारे ३८ कि.मी. जात होता. परिवर्तनासाठी २०१७ च्या आरंभी तेथील गाड्या बंद झाल्या. जुन्याच मार्गावर ब्रॉडगेज टाकावे असा रेल्वेचा प्रस्ताव होता; वन्यजीव तज्ज्ञांनी त्यास विरोध केला, राज्य शासनाने २०२० साली केंद्राकडे पर्यायी मार्गाची मागणी केली, आणि अखेरीस जंगलाबाहेरून, सुमारे ३० कि.मी. अधिक लांबीचा मार्ग पुढे आला. आता वरील गणित येथे लावून पाहावे. जास्तीच्या ३० कि.मी.चे नुसते रूळच ९,००० टन वायूचा बोजा टाकतात, आणि प्रत्येक गाडी दररोज तेवढे अंतर अधिक कापते. केवळ वायूंचा हिशेब निर्णायक मानला असता तर कौल जंगलातून जाणाऱ्या मार्गालाच मिळाला असता. वाघांचा सलग अधिवास कापला जाण्याची हानी मात्र टनांत मांडता येत नाही; ती मांडण्याचा आग्रह धरला की जे मोजता येते तेच खरे ठरू लागते.

म्हणून मागणी दोन स्वतंत्र खात्यांची करावी लागते. अधिसूचनेच्या परिशिष्टात लोहमार्ग यावेत, बांधकामातील पोलाद, सिमेंट व डिझेल यांचा आणि अपेक्षित प्रवाशांचा हिशेब प्रकल्प-अहवालात सक्तीने द्यावा, आणि तो फिटण्यास किती वर्षे लागतील हे सांगावे. परंतु एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यातील तुटीत वळती करण्याची मुभा असू नये. मेळघाटचा निर्णय योग्य होता असे मानले, तर त्याची किंमत म्हणून ते ९,००० टन अहवालात उघडपणे लिहिले जावेत, आणि ती किंमत जाणूनबुजून पत्करली गेली अशी नोंदही त्याच्याच शेजारी असावी.