चार जीबीचा संसार

साजगावातल्या माझ्या घरी एक जुना डेस्कटॉप आहे. चार जीबी रॅम, घरघरणारी हार्ड डिस्क, त्यावर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. एका दुपारी, सकाळभराचं काम आटोपून ब्राउझर बंद केला आणि सहज 'फ्री' ही मेमरीचा हिशेब दाखवणारी आज्ञा चालवली. 'फ्री' रकान्यात जेमतेम १८० एमबी! घाबरून मी कॅशे रिकामी करणारी आज्ञा शोधून चालवली. आकडा दोन जीबीच्या वर गेला, जीव भांड्यात पडला. मग फाइल उघडायला गेलो तर डिस्क पुन्हा घरघरायला लागली, आणि तासाभरात आकडा होता तिथेच आला.

चूक माझी होती. मी चुकीचा रकाना वाचत होतो.

कार्तिकी एकादशीला आमच्याकडे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. एरवी मोकळी पडलेली जागा दुकानांनी भरून जाते. मोकळी ठेवून तरी तिचा काय उपयोग? लिनक्सही रॅम मोकळी पडू देत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल तिथेच ठेवतो, म्हणजे पुन्हा लागली तर डिस्ककडे धाव नको. हीच ती कॅशे. एखाद्या प्रोग्रामला जागा हवी झाली की यातली बरीचशी दुकानं क्षणात उठवता येतात. म्हणून बघायचा तो शेवटचा रकाना, 'अव्हेलेबल'. त्या दुपारी तिथे २ जीबीहून जास्त दिसत होते. किती मेमरी मिळू शकेल याचा हा अंदाज कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः देऊ लागला तो ३.१४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून. त्याआधी लोक बेरजा-वजाबाक्या करत बसत.

गंमत म्हणजे लिनक्स जन्माला आला तोच तंगीत. १९९१ साली त्याचा निर्माता लिनस टोरवाल्ड्स याच्या ३८६ यंत्रात चार एमबी रॅम होती, माझ्या यंत्रातल्या रॅमचा साधारण हजारावा हिस्सा. त्या वर्षाच्या अखेरीस जर्मनीतल्या एकाने कळवलं की त्याच्याकडे दोनच एमबी आहेत आणि तेवढ्यात कर्नल कंपाइल होत नाही. टोरवाल्ड्सने नाताळच्या सुटीत बसून मेमरीतली पानं, म्हणजे तिचे छोटे तुकडे, डिस्कवर टाकायची सोय लिहून काढली. तीच आपली स्वॅप.

मग खरी मेमरी खातो कोण? इथेही आकडे फसवतात. टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरच्या दहा-बारा प्रोसेस दिसतात. त्यांची बेरीज केली तर कधी कधी यंत्रात आहे त्याहून जास्त रॅम भरते. कारण सगळ्यांच्या सामाईक लायब्ररी प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजल्या जातात. शेअर रिक्षात सहा जण बसले आणि प्रत्येकाने घरी जाऊन अख्ख्या रिक्षाचं भाडं सांगितलं, तसंच हे. 'स्मेम' नावाचं छोटं साधन भाड्याची नीट वाटणी करून दाखवतं. त्या रकान्याचं नाव पीएसएस. माझ्याकडे त्या यादीत पहिला ब्राउझर, दुसराही तोच. डेस्कटॉप पार खाली. हलका डेस्कटॉप घेतला की काम झालं, असं सांगणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

टॅब कमी केले. ब्लूटूथ, अपडेटची आठवण करून देणारा, नसलेल्या प्रिंटरचा आयकॉन, असे सुरुवातीलाच उठणारे काही काढून टाकले. तेवढ्याने थोडंफार सुटलं. खरा फरक पडला तो झेडरॅमने.

झेडरॅम समजून घ्यायला साजगावइतकी सोयीची जागा नाही. आमची यात्रा सुक्या मासळीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. ओला बोंबील बहुतांशी पाणीच. वाळवला की टोपलीभर मासळी मूठभर जागेत मावते आणि रांधायच्या आधी भिजवावी लागते. झेडरॅम वापरात नसलेली पानं डिस्कवर न पाठवता रॅममध्येच दाबून, वाळवून ठेवतो. साधारणपणे तेवढ्याच जागेत दोन-तीन पट पानं मावतात. लागली की प्रोसेसर उलगडून देतो. उलगडायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदांत मोजायचा, फिरत्या डिस्ककडून पान आणायचा मिलिसेकंदांत. हाही ३.१४ मध्येच कर्नलच्या मुख्य घरात आला, आणि फेडोराने २०२० मध्ये आपल्या ३३ व्या आवृत्तीत तो डेस्कटॉपवर आपोआप चालू ठेवला. डेबियनवर 'झेडरॅम-टूल्स' बसवावं लागतं.

एक जुना सल्ला मात्र इथे उलटा पडतो. 'स्वॅपिनेस', म्हणजे कर्नलची स्वॅपकडे वळायची ओढ, साठावरून दहावर आणा, असं सगळे सांगतात, आणि मीही आणलं होतं. स्वॅप डिस्कवर असेल तर ते ठीक. झेडरॅम असेल तर आकडा वाढवायचा, कर्नल ५.८ पासून तो २०० पर्यंत जातो. मी १५० ठेवला आहे.

काल संध्याकाळी 'झेडरॅमसीटीएल' चालवून पाहिलं: ९१० एमबीची पानं ३०० एमबीत बसली होती. सकाळपासून न बघितलेल्या टॅबवर क्लिक केलं. तो किंचित अडखळून उघडला, पण डिस्कची घरघर काही ऐकू आली नाही.